घरात वाटप करणारा डबा एकच ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कराडला दुमजली घर. खाली आई-वडील, वर भाऊ-वहिनी आणि मुलं. केबलवाल्याकडून १०० एमबीपीएसची फायबर लाइन घेतली आहे आणि तिचा डबा, म्हणजे राउटर, खाली दिवाणखान्यात आहे. वर सिग्नल पोचत नाही म्हणून भावाने दुसरा राउटर आणून खालून ओढलेल्या केबलला लावला. तेव्हापासून वर अधूनमधून "वाय-फाय जोडलंय, पण इंटरनेट नाही" असं येतं, खालचा प्रिंटर वरून सापडत नाही, संध्याकाळी वहिनींची मीटिंग अडकते, आणि तुम्हाला पुण्याहून घराचे कॅमेरे दिसत नाहीत. दुकानदार ३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या म्हणतो. तो घ्यावा का, आणि एकच लाइन एवढ्या उपकरणांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला किती येते, असं तुम्ही विचारलंय.

प्लॅन आत्ता वाढवू नका. तुमच्या घरात चार वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि चारही "नेट चालत नाही" या एकाच नावाने समोर येतात. त्यातली एकही फक्त जास्त एमबीपीएस घेऊन नीट सुटणार नाही. मी सातारा-कराड पट्ट्यात घरांची आणि छोट्या ऑफिसांची नेटवर्कं जोडून देतो, आणि दुमजली घरात दुसरा राउटर आला की बहुतेक वेळा हेच चित्र दिसतं.

आधी वाटप होतं म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. केबलवाल्याकडून तुमच्या घराला बाहेरच्या बाजूचा एकच पत्ता मिळतो, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस. घरात मात्र फोन, टीव्ही, लॅपटॉप, प्रिंटर, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर मिळून दहा-पंधरा उपकरणं सहज होतात. त्यांना आतले पत्ते राउटर देतो: १९२.१६८.१.५, १९२.१६८.१.६ असे. १० ने, १९२.१६८ ने आणि १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे पत्ते असल्या खासगी वापरासाठीच राखून ठेवलेले आहेत. तुमच्या घरी १९२.१६८.१.५ आहे आणि माझ्याही घरी आहे, पण दोघांची गाठ कधी पडत नाही, कारण उंबऱ्याबाहेर हा पत्ता कुणी ओळखतच नाही.

मग भावाच्या फोनने मागवलेलं पान बरोबर त्याच्याच फोनवर कसं येतं? सरकारी कचेरीतली जावक नोंदवही डोळ्यासमोर आणा. कुठल्याही टेबलावरचं पत्र बाहेर जातं ते कचेरीच्या पत्त्यावरून, आणि त्यावर जावक क्रमांक पडतो. उत्तर देणारा "आपले पत्र जा. क्र. अमुक" असा संदर्भ देतो, मग नोंदवही पाहून ते उत्तर त्या टेबलावर पोचवलं जातं. राउटर हेच काम सेकंदाला हजारो वेळा करतो. त्याच्याकडचा क्रमांक म्हणजे पोर्ट, तो ६५,५३५ पर्यंत जातो, आणि या व्यवस्थेला म्हणतात नॅट.

यातून दोन गोष्टी निघतात. आतून गेलेल्या विनंतीचं उत्तर आत येतं, पण बाहेरून कुणी संदर्भाशिवाय काही पाठवलं तर ते कुणाला द्यायचं हे राउटरला माहीत नसतं आणि तो ते टाकून देतो. तुमचे कॅमेरे इथेच अडकलेत. दुसरी गोष्ट, ही नोंदवही आणि आतले पत्ते वाटण्याचं काम घरात एकाच डब्याकडे असलं पाहिजे. तुमचा वरचा मजला इथे अडकलाय.

वरच्या मजल्यापासून सुरुवात करू, कारण ते सोडवल्याशिवाय बाकीचं तपासण्यात अर्थ नाही. एखादा फोन वाय-फायला जोडला की तो नेटवर्कमध्ये हाक मारतो, "मला पत्ता द्या." राउटरमधला डीएचसीपी नावाचा भाग त्याला उत्तर देतो: हा तुझा पत्ता, आणि बाहेर जायचं असेल तर या दाराने जा. त्या दाराला गेटवे म्हणतात. दुकानातून आणलेला प्रत्येक राउटर हे काम चालू स्थितीतच येतो, कारण आपण घरातला एकमेव राउटर आहोत असं तो गृहीत धरतो.

आता खालून आलेली केबल वरच्या राउटरच्या कोणत्या भोकात गेलीय ते बघा. वेगळ्या रंगाचं, बहुधा निळं, "वॅन" किंवा "इंटरनेट" लिहिलेलं एक भोक असतं, आणि शेजारी "लॅन" लिहिलेली दोन-चार एकसारखी भोकं असतात.

केबल लॅनमध्ये असेल तर एकाच नेटवर्कवर पत्ते वाटणारे दोन डबे झाले. फोनने हाक मारली की जो आधी उत्तर देईल त्याचं चालतं. खालच्याने आधी दिलं तर सगळं सुरळीत. वरच्याने दिलं तर तो फोनला सांगतो की माझ्या दाराने बाहेर जा, आणि त्याचं वॅनचं भोक तर रिकामं आहे. फोन जोडलेला दिसतो, इंटरनेट नाही. वाय-फाय बंद करून चालू केलं की कधी कधी सुरू होतं, कारण यावेळी खालच्याने आधी उत्तर दिलं. तुमचं "अधूनमधून" वाचून मला हाच प्रकार वाटतो. खात्री करायची असेल तर आईंना विचारा की दुसरा राउटर आल्यापासून खालच्या टीव्हीवर किंवा फोनवरही कधी असं होतं का. होत असेल तर शंका उरत नाही, कारण केबलवरून वरच्या डब्याचं उत्तर खालपर्यंतही पोचतं. दोन्ही डब्यांचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर गोंधळ आणखी वाढतो.

केबल वॅनमध्ये असेल तर गोष्ट वेगळी. मग वरचा राउटर स्वतःची वेगळी नोंदवही उघडतो आणि वरच्या मजल्याचं एक वेगळंच नेटवर्क होतं. नुसतं ब्राउझिंग त्यात चालून जातं. पण फोन प्रिंटर शोधतो तोही हाक मारूनच, आणि ती हाक वरच्या राउटरच्या पलीकडे जात नाही. प्रिंटर न सापडण्याचं कारण ते असतं. शिवाय दोन्हीकडे १९२.१६८.१ हीच मालिका असेल तर काही राउटर स्वतःहून आपली मालिका बदलतात आणि काही नुसते अडून बसतात.

दोन्ही प्रकारांवर उपाय एकच आहे: वरच्या राउटरकडून वाटपाचं काम काढून घ्या, त्याला फक्त वाय-फाय पसरवू द्या. त्याच्या सेटिंगमध्ये "अ‍ॅक्सेस पॉइंट मोड" किंवा "एपी मोड" असेल तर तो निवडा आणि झालं, मग बहुतेक मॉडेलमध्ये केबल कुठल्याही भोकात चालते. हा पर्याय नसेल तर हाताने करा, पण क्रम सांभाळा. आधी खालून येणारी केबल काढून टाका आणि लॅपटॉप केबलने थेट वरच्या राउटरच्या लॅनला जोडा. त्याचा स्वतःचा पत्ता बदला: खालच्याचा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, आणि खालचा डबा जे पत्ते वाटतो त्या यादीत हा नाही ना ते बघून घ्या. राउटर पुन्हा सुरू होईल, नव्या पत्त्यावर लॉग-इन करा आणि डीएचसीपी बंद करा. त्यानंतरच खालची केबल लावा, तीही लॅनमध्ये, आणि वॅनचं भोक रिकामं राहू द्या. डीएचसीपी आधी बंद केलं तर लॅपटॉपला पत्ता मिळत नाही, विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता लावून घेतं आणि सेटिंगचं पान उघडेनासं होतं. तिथे घाबरून लोक रीसेटचं बटण दाबतात आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

झाल्यावर वर उभं राहून फोनच्या वाय-फायचा तपशील उघडा. गेटवे म्हणून खालच्या डब्याचा पत्ता दिसला की काम झालं. प्रिंटरही आता सापडायला हवा. वर-खाली वाय-फायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, म्हणजे जिना चढताना फोन आपला आपण बदलून घेईल. तो कधी बदलायचं हे मात्र फोनच ठरवतो, त्यामुळे काही जुने फोन खालच्याच सिग्नलला चिकटून राहतात.

याला एक अपवाद आहे. पुढे वरचा मजला भाड्याने द्यायचा असेल तर वॅनमध्ये केबल लावून नेटवर्क वेगळं ठेवणं बरं, तरीही ते पुरेसं नाही. वरून खालच्या उपकरणांचे पत्ते टाकून तिथे पोचता येतं, उलट दिशेने येत नाही. खाजगीपणा हवा असेल तर खालच्या डब्याचं गेस्ट नेटवर्क जास्त चांगलं. आणि भाडेकरूने नेटवर जे काही केलं ते बाहेरून तुमच्याच पत्त्यावरून केलेलं दिसतं, कनेक्शन ज्याच्या नावावर त्याच्याकडे चौकशी येते. भाडेकरूला त्याचं स्वतःचं कनेक्शन घेऊ द्या, असंच मी सगळ्यांना सांगतो.

आता वाट्याचा प्रश्न. १०० एमबीपीएस भागिले दहा उपकरणं, म्हणजे प्रत्येकी दहा, असं वाटप होत नाही. गप्प बसलेलं उपकरण जवळजवळ काहीच घेत नाही. त्या क्षणी जे मागतात त्यांच्यात लाइन वाटली जाते, आणि तीही सारखी नाही. एकाच वेळी दहा तुकड्यांत डाउनलोड करणारं अ‍ॅप एका तुकड्यात करणाऱ्यापेक्षा जास्त ओढतं. चांगल्या दर्जाच्या एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस पुरतात, ४के ला १५ ते २५, आणि व्हिडिओ कॉलला १ ते ४. संध्याकाळी दोन टीव्ही, मुलांचे फोन आणि एक मीटिंग एकदम चालली तरी तुमचे १०० भरत नाहीत.

मग मीटिंग का अडकते? माझा संशय अपलोडवर आहे, म्हणजे घरातून बाहेर जाणाऱ्या डेटावर. भावाचा फोन घरी आला, वाय-फायला लागला आणि चार्जिंगवर ठेवला की दिवसभराचे फोटो-व्हिडिओ आपोआप वर चढवायला लागतो. कॅमेरे क्लाउडवर रेकॉर्डिंग पाठवत असतील तर त्यांची भर. अपलोडची वाट भरली की राउटरच्या पोटात पॅकेटांची, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांची, रांग साचते, आणि वहिनींच्या आवाजाचं छोटंसं पॅकेटही त्याच रांगेत शेवटी उभं राहतं. डाउनलोडसुद्धा यामुळे मंदावतं, कारण "मिळालं, पुढचं पाठवा" ही पोचपावतीही त्याच रांगेतून जाते. अनेक प्लॅनमध्ये डाउनलोड १०० असलं तरी अपलोड त्याहून कमी असतं, ते केबलवाल्याला स्पष्ट विचारा.

तपासणं सोपं आहे. संध्याकाळी लॅपटॉप केबलने खालच्या डब्याला जोडा आणि ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला सतत पिंग चालू ठेवा, म्हणजे तिथे जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते दिसत राहील. लाइन मोकळी असताना १० ते ३० मिलिसेकंद दिसतील. मग एका फोनवरून मोठा व्हिडिओ गूगल ड्राइव्हवर चढवायला लावा. पिंगचा आकडा शेकड्यांत गेला तर रांग साचतेय हे नक्की. फोटोंचा बॅकअप रात्री किंवा हातानेच करायचा अशी सवय लावली तरी निम्मं काम होतं. राउटरमध्ये क्यूओएस किंवा बँडविड्थ कंट्रोल, म्हणजे वेगाला मर्यादा घालायची सोय, असेल तर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा, म्हणजे रांग साचतच नाही. ३०० चा प्लॅन घेतल्यावर अपलोडही वाढलं तर ही रांग लवकर ओसरेल हे खरं, पण फोटो चढवणारा फोन जेवढी वाट मिळेल तेवढी भरतोच.

वाय-फायबद्दल थोडं सांगणं भाग आहे, कारण वाटप तिथेही होतं आणि ते लाइनच्या वाटपापेक्षा निराळं आहे. एका चॅनलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं. त्यामुळे स्लॅबच्या पलीकडून क्षीण सिग्नलवर हळूहळू बोलणारा एक जुना फोन त्या चॅनलवरच्या सगळ्यांचा वेळ खातो. तुम्ही वर केबल नेली हे फार चांगलं केलंत. केबलऐवजी रिपीटर, म्हणजे वाय-फायचाच सिग्नल ऐकून पुढे पाठवणारा डबा, लावला असता तर त्याला तेच पॅकेट एकदा ऐकून पुन्हा बोलावं लागलं असतं, आणि साध्या रिपीटरवर त्यात निम्मा वेग जातो. २.४ गिगाहर्ट्झवर खालच्या डब्याला चॅनल १ आणि वरच्याला ६ किंवा ११ द्या. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. टीव्ही आणि लॅपटॉपना ५ गिगाहर्ट्झवर घ्या, ते वेगवान आहे पण भिंतीपलीकडे लवकर दमतं, म्हणून मजल्यागणिक वेगळा डबा हवाच. आणि कृपा करून डबा लोखंडी कपाटावर, टीव्हीच्या मागे किंवा माळ्यावर ठेवू नका.

केबलकडेही एकदा बघा. बाजारात "कॅट सिक्स" म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच केबलमध्ये तांब्याचा नुसता मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं. "प्युअर कॉपर" मागून घ्या, आणि विजेच्या वायरींच्या पाइपमधून ती ओढू देऊ नका. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोन पुरतात, त्यापुढच्या गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार क्रिंपिंगमध्ये, म्हणजे टोकाला प्लग दाबून बसवताना, नीट बसली नसेल तर जोडणी मुकाट्याने १०० वर उतरते. भावाने आणलेल्या राउटरची भोकंच १०० ची असण्याचीही बरीच शक्यता आहे, स्वस्त मॉडेलमध्ये असतात. तसं असेल तर ३०० चा प्लॅन घेऊनही वरच्या मजल्याला ९०-९५ च्या वर एक एमबीपीएस मिळणार नाही. दुकानदाराने हे तुम्हाला सांगायला हवं होतं.

राहिले कॅमेरे. बाहेरून दिसावेत म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलंय असं तुम्ही लिहिलंय. ते म्हणजे नोंदवहीत आधीच लिहून ठेवणं, की अमुक क्रमांकावर काही आलं तर डीव्हीआरला द्या. पण त्यासाठी बाहेरून आलेलं तुमच्या राउटरपर्यंत पोचायला तर हवं. पत्त्यांची जुनी पद्धत, आयपीव्ही४, हिच्यात सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. म्हणून बरेच केबलवाले आता तुमच्या घराला खरा बाहेरचा पत्ता देतच नाहीत. त्यांच्याकडे आणखी एक मोठी नोंदवही असते, सीजीनॅट, आणि तिच्यामागे अनेक घरं एकच पत्ता वापरतात. तिच्यात तुमच्या डीव्हीआरची नोंद नाही, आणि ती तुम्हाला करताही येत नाही.

ओळखायचं कसं? खालच्या डब्याच्या स्टेटसच्या पानावर वॅनचा पत्ता बघा आणि ब्राउझरमध्ये तुमचा आयपी दाखवणाऱ्या साइटवर जो दिसतो त्याच्याशी ताडून पाहा. दोन्ही वेगळे असतील, किंवा वॅनचा पत्ता १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात आणि पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केलं तरी निष्फळ.

तसं असेल तर डीव्हीआर कंपनीची क्लाउड किंवा पी-टू-पी सोय वापरा, मोबाइल अ‍ॅपमध्ये डीव्हीआरचा क्यूआर कोड स्कॅन करायची. ती चालते कारण तिथे डीव्हीआर स्वतः आतून बाहेर जाऊन कंपनीच्या सर्व्हरशी बोलणं सुरू करतो. दुसरा पर्याय केबलवाल्याकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा खरा बाहेरचा पत्ता, घेण्याचा, त्याचे वेगळे पैसे पडतात आणि घरगुती वापराला त्याची गरज मला क्वचितच दिसते. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक उपकरणाला स्वतःचा खरा पत्ता मिळतो आणि नॅटची गरजच उरत नाही, पण तुमचा डीव्हीआर ते समजतो का आणि पुण्यातल्या तुमच्या कनेक्शनवर ते आहे का, यावर सगळं अवलंबून.

कुठलाही मार्ग घ्या, पण आजच डीव्हीआरचा आणि दोन्ही राउटरचा मूळ पासवर्ड बदला, आणि जुनं पोर्ट फॉरवर्डिंग काढून टाका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. ते पासवर्ड बदलायचं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. आई-वडिलांच्या घरातले कॅमेरे अनोळखी माणसाला दिसू शकतात, ही गोष्ट स्पीडपेक्षा कितीतरी मोठी आहे.

आता पुढच्या वेळी कराडला जाल तेव्हा या क्रमाने बघा. वरच्या राउटरचं वाटप बंद करा. मग एकाच लॅपटॉपवर चार ठिकाणी स्पीड टेस्ट घ्या: खालच्या डब्याला केबलने, वरच्या डब्याला केबलने, वरच्या डब्याशेजारी वाय-फायवर आणि वहिनी जिथे मीटिंगला बसतात तिथे वाय-फायवर. पहिल्याच ठिकाणी ९० च्या खाली आलं तर केबलवाल्याला बोलवा, दोष लाइनचा किंवा त्याच्या डब्याचा आहे. दुसऱ्या ठिकाणी पडलं तर मधली केबल किंवा क्रिंपिंग. तिसऱ्या-चौथ्या ठिकाणी पडलं तर वाय-फाय आणि डब्याची जागा. एक टेस्ट दुपारी आणि एक संध्याकाळी घ्या, कारण फायबरची एक मुख्य लाइन पुढे फोडून अनेक घरांत दिलेली असते आणि संध्याकाळी सगळेच घरी असतात.

हे चार आकडे, खालच्या डब्याच्या वॅन पत्त्याचे पहिले दोन आकडे आणि वरच्या राउटरचं मॉडेल इथे लिहा. पूर्ण पत्ता टाकू नका. त्यावरून राउटर बदलायचा, केबल बदलायची की खरंच प्लॅन वाढवायचा, ते नेमकं सांगता येईल.